ऐकणाऱ्याला कुठे फरक कळतो

माझ्या आत्याच्या दाराला बेल आहे, पण ती वाजत नाही. आत्याने स्वतः स्टुलावर चढून तिची वायर सोडवून ठेवली आहे. का, तर एकदा एका राजाच्या अगदी शेवटच्या श्वासाला दूधवाल्याने बेल दाबली, आणि राजाला पहिल्यापासून पुन्हा मरावं लागलं. तेव्हापासून आत्याकडे जायचं तर आधी फोन करायचा, आणि तिने उचलला नाही तर मुकाट्याने जिन्यात बसायचं. त्या जिन्यात बसून मी मटार सोललेत, परीक्षांचे अभ्यास केलेत आणि एका मुलाला फोनवरून नकारही कळवलाय.

आत्या आवाज करते. हा तिचा धंदा आहे. रेडिओच्या नाटकात बोलतात ते नट. पण ते चालतात, दारं आपटतात, घटाघटा पाणी पितात, एकमेकांच्या थोबाडीत देतात, ते सगळं आत्या. थोबाडीत म्हणजे पाटावर ओला टॉवेल. मोडलेलं हाड म्हणजे गाजर. आग म्हणजे बिस्किटाच्या पुड्याचा कागद. चुंबन म्हणजे तिचं स्वतःचं मनगट. आत्याने लग्न केलं नाही, पण रेडिओवरच्या किती प्रेमिकांनी तिच्या मनगटावर प्रेम केलं त्याचा हिशेब नाही, आणि हे ती पाहुण्यांसमोर सांगायला लागली की माझे बाबा पेपर तोंडापुढे धरतात.

ती रेडिओ केंद्रात लागली होती टायपिस्ट म्हणून. एकदा नाटकाच्या तालमीला चहा घेऊन जाताना तिच्या हातून कपांचा अख्खा ट्रे पडला. सगळे थिजले. दिग्दर्शक काचेमागून ओरडला, "हेच! हेच हवंय मला! पुन्हा पाडा!" दुसरी कोणी रडली असती. आत्याने विचारलं, "रागाने पाडू की चुकून?" त्या दिवसापासून तिचं टायपिंग सुटलं ते सुटलंच.

पुढे केंद्रातली आवाजाची खोली बंद झाली, आणि आत्याने ती घरी आणली. म्हणजे खरोखरच आणली: दोन माईक, कुणाकुणाच्या बुटांनी भरलेली फडताळं, रेतीचा ट्रे, बिजागऱ्या कुरकुरणारं एक सुटं दार. चालण्याची फळी तिने बाहेरच्या दाराला लागून असलेल्या बोळकांडीत टाकली, कारण तिथे आवाजाला गल्लीसारखा घुमारा येतो. दिवसभर तिथे ध्वनिमुद्रण करायचं आणि संध्याकाळी इंटरनेटवरून दूरच्या शहरातल्या स्टुडिओला पाठवायचं, असं बरीच वर्षं सुरळीत चाललं होतं. नाटकाच्या शेवटी सगळ्यांची नावं घेतात. लेखक, दिग्दर्शक, दोन वाक्यं बोलणारा हवालदार, सगळ्यांची. आत्याचं नाव मात्र कधीही घेतलं गेलं नाही. मला याचा भयंकर राग येई. आत्या म्हणे, "अगं, ऐकणाऱ्याला मी दिसले तर माझं काम फसलं." म्हणे, आणि तरीही नावं संपेपर्यंत रेडिओ बंद करत नसे. हे मी पाहिलंय.

तर अशी माझी आत्या, आणि तिचं जाणारं इंटरनेट बंद पडलं.

जाणारं म्हणते, कारण येणारं छान चालू होतं. सिनेमा लावा, लागतो. पत्र आलं, उघडतं. पण आपल्याकडून एखादी मोठी फाइल पाठवायला घ्या, की ती हिरवी पट्टी आधी ऐटीत निघायची, मग रेंगाळायची, आणि अगदी टोकाशी येऊन लाल व्हायची. पुन्हा पाठवा, पुन्हा तेच. येरे माझ्या मागल्या.

मी कंपनीला फोन लावला. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दुखऱ्या दाढेच्या माणसाला "डॉक्टर आत्ता येतातच हं" असं सांगून ताटकळत ठेवणं हीच माझी नोकरी, त्यामुळे गोड बोलून टोलवणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. पण त्या कंपनीपुढे मीही हात टेकले.

"मॅडम, आम्हाला इथून आपला स्पीड उत्तम दिसतोय."

"तुम्हाला तिथून दिसतोय. आम्हाला इथून दिसत नाही."

"बॉक्स बंद करून पुन्हा चालू करून पाहिलात?"

"पाहिला."

"मग पुन्हा एकदा पाहा ना, मॅडम."

दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा, आणि मधल्या वेळात कानात बासरी. आत्या शेजारी बसून ती बासरी मन लावून ऐकायची. "जोड चुकलाय यांचा," ती म्हणाली. "सूर मध्येच कापून पुन्हा सुरुवातीला चिकटवलाय. ज्याला बासरी नीट चिकटवता येत नाही तो आपली वायर काय दुरुस्त करणार?"

काही दिवस मी तिच्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन दवाखान्यातून पाठवल्या. मग एक दिवस डॉक्टरांनी पेशंटचा एक्सरे उघडायला घेतला तो उघडेचना, कारण माझ्या संगणकावरून एक घोडागाडी स्टुडिओकडे चालली होती. त्यानंतर तो मार्ग बंद झाला.

आणि नेमका तेव्हाच स्टुडिओतल्या नव्या साहेबांचा फोन आला. ही नवी मालिका होती एका पहारेकऱ्याची आणि त्याच्या कुत्र्याची. पहारेकरी गस्त घालतो, कुत्रा वास काढतो, चोर सापडतात. गस्तीचे बूट आत्याचे, कुत्राही आत्याचाच. साहेब वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. ते प्रेमाने म्हणाले, "आत्या, किती त्रास घ्याल या वयात? आता सगळे आवाज तयार मिळतात. कुत्रा हवा, कुत्रा घ्या. बूट हवे, बूट घ्या. या आठवड्यात तुमचं काम वेळेवर आलं तर ठीक, नाहीतर पुढच्या मालिकेपासून आपण तेच वापरू. ऐकणाऱ्याला कुठे फरक कळतो?"

आत्याने "बरं" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी गेले तर फडताळं अर्धी रिकामी, आणि पोलिसाचे बूट, म्हाताऱ्याच्या सपाता, नवऱ्यामुलीचे सँडल, सगळं खोक्यात भरलेलं.

"हे काय?"

"भंगारवाल्याचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?" ती म्हणाली. ती हे अगदी सहज म्हणाली. आत्या चिडली की बरी असते. शांत झाली की मला भीती वाटते.

मी ताबडतोब लेखी तक्रार केली. लाइनमन घरी पाठवा म्हणून सांगितलं. कंपनी म्हणाली, येईल. आत्या दिवसभर घरात होती, हातातलं काम तेवढं संपवत होती, तिने उंबरठा ओलांडला नाही. संध्याकाळी संदेश आला: आमचे प्रतिनिधी येऊन गेले, ग्राहकाच्या अडचणीमुळे काम होऊ शकलं नाही, तक्रार बंद केली आहे. मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा आत्या दिवसभर घरात, पुन्हा संध्याकाळी तोच संदेश. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं धडधडीत खोटं मी दवाखान्यातसुद्धा बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी थेट त्यांच्या ऑफिसात गेले. काउंटरवर एक बाई होती, गळ्यात ओळखपत्र, पुढ्यात चहा. मी भांडणाची सगळी तयारी करून गेले होते. वाक्यंसुद्धा रस्त्यात पाठ केली होती. तिने पत्ता टाइप केला, स्क्रीनकडे पाहिलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू चूक माझी आहे.

"अच्छा. ते कुत्र्याचं घर."

"कसलं कुत्र्याचं घर?"

"मॅडम, आमच्या माणसाला काही झालं असतं म्हणजे?" ती म्हणाली आणि मागे वळून हाक मारली, "अहो, ते कुत्रावाले आलेत!"

आतून एक लाइनमन आला. धिप्पाड माणूस, खांद्यावर वायरीचं वेटोळं, डाव्या पायाने जरा ओढत चालणारा. "मॅडम, माझी रोजची धावपळ कुत्र्यांतच असते," तो म्हणाला. "पण असलं जनावर मी पाहिलं नाही. बेल दाबली, बेल बंद. म्हणून दार ठोकलं. तर दाराच्या मागेच तो! आधी नुसता गुरगुरला. पोटातून. मग जो काही अंगावर आला, मी सांगतो तुम्हाला, दार होतं म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी आमचा जोडीदार गेला, तर आत कुत्रा आणि शिवाय कोणीतरी कोणाला तरी बडवतंय, फटाफट. तो जिन्यातूनच परतला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली आमची."

"अहो, पण त्या घरात कुत्राच नाही!"

"मी पाहिला ना," तो म्हणाला. "वाकून दाराखालच्या फटीतून पाहिलं. काळा पंजा होता. नखं ही एवढी, लोखंडासारखी."

आता मला कळलं, आणि कळल्यावर माझे पाठ केलेले सगळे डायलॉग पाण्यात गेले. पहारेकऱ्याच्या कुत्र्याची नखं करायला आत्या काळे लोकरी हातमोजे घालते आणि त्यांच्या बोटांना कागदाच्या लोखंडी क्लिपा लावलेल्या असतात. गुडघ्यांवर बसून, तोंड प्लॅस्टिकच्या मोठ्या बरणीत घालून ती गुरगुरते. कानांवर हेडफोन. दार कोणी तोडलं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं. आणि बडवणं म्हणजे ओला टॉवेल.

मी काउंटरच्या बाईला हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने चहाचा घोट घेतला. "मॅडम, सगळे हेच सांगतात. आमचा कुत्रा काही करत नाही, आमच्याकडे कुत्राच नाही. कुत्रा बांधून ठेवू असं लेखी द्या आणि दारावर कुत्र्यापासून सावध अशी पाटी लावा. नियम आहे. मग माणूस पाठवू."

पालथ्या घड्यावर पाणी. मी तणतणत आत्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, तीही माझ्याइतकीच संतापेल. ती खोक्यावर बसून होती, मांडीवर म्हाताऱ्याच्या सपाता.

"दोघांना?" तिने विचारलं.

"काय दोघांना?"

"दोघांनाही खरा वाटला?"

"अगं, त्या एकाने तर पंजा पाहिला म्हणे!"

आत्या उठली. सपाता फडताळात ठेवल्या. मग संगणकाशी गेली आणि बाद केलेलं मुद्रण उघडू लागली. त्या दिवसांत कुत्र्याचे काही प्रयत्न तिने बाजूला टाकले होते. नंतर ऐकताना मागे कसलीतरी ठकठक आली, तेव्हा जिन्यात पोरं खेळत असतील असं समजून तिने पुढचं ऐकलंच नव्हतं. आम्ही दोघींनी एकेक कान हेडफोनला लावला. कुत्रा गुरगुरला. मग टक टक टक. मग कुत्रा भुंकला, तसा मीही दचकले. आणि मग दाराबाहेरून, बारीक पण स्वच्छ, "आई शप्पथ!", पाठोपाठ जिना उतरत धावणारे बूट, एक जड, एक ओढता, आणि त्यांच्याही पुढे पायऱ्यांवरून टणाटण घरंगळत जाणारं हेल्मेट.

आत्या हसली ती हसतच सुटली. तिला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. डोळे पुसत म्हणाली, "लेखी हवंय ना त्यांना? आण कागद." आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने ठसठशीत अक्षरात लिहून दिलं की माझा कुत्रा मोठा आहे, परंतु माणूस येईल तेव्हा तो बांधलेला असेल. पाटीही तिने त्याच संध्याकाळी रंगवून घेतली.

सकाळी मी दवाखान्याला उशीर कळवून तिच्याकडे थांबले. जिन्यात बूट वाजले आणि बरेच खाली थांबले.

"बाई, बांधला का?" खालून आवाज आला.

आत्याचा चेहरा मी ओळखते. तिने नुसता श्वास घेतला तशी मी तिला चिमटा काढला. "बांधलाय हो, या," ती मधाळ आवाजात म्हणाली.

लाइनमन हेल्मेट डोक्यावर ठेवूनच आत आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. "कुठंय?"

"बसा," आत्या म्हणाली. मग ती जमिनीवर बसली, हातमोजे चढवले, तोंड बरणीत घातलं आणि गुरगुरली. त्याच्या डोळ्यांसमोर, भर उजेडात, चष्मा लावलेली एक पांढऱ्या केसांची बाई बरणीत गुरगुरत होती, तरी तो माणूस भिंतीला चिकटला. मग त्याने हेल्मेट काढलं, खाली बसला, आणि लहान मुलासारखा म्हणाला, "परत एकदा करा ना."

तिने केलं. त्यानंतर तो आमचाच झाला. स्वयंपाकघरातला कंपनीचा बॉक्स त्याने तपासला. बॉक्सपर्यंत सगळं ठीक होतं. म्हणून तर कंपनीला तिकडून सगळं उत्तम दिसत होतं. मग बॉक्समधून संगणकाकडे जाणारी वायर धरून तो निघाला, आणि बोळकांडीत ती वायर आत्याच्या चालण्याच्या फळीखाली शिरली. त्याने फळी उचलली. खाली वायर पार चपटी झालेली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हणाले.

"या वायरीत बारीक तारा असतात," त्याने सांगितलं. "काही आणणाऱ्या, काही नेणाऱ्या. तुमच्या नेणाऱ्या चेचल्यात. बारीकसारीक काही असलं तर निसटून जातं, मोठं काही न्यायला लागलं की अडकतं. कोणी चेचली एवढी?"

"पहारेकऱ्याने," आत्या म्हणाली. गेल्या मालिकेत सगळं घरगुती होतं, सपाता आणि अनवाणी पाय. या मालिकेत ती लोखंडी नालांचे बूट घालून रोज त्या फळीवर गस्त घालत होती.

"वायर भिंतीच्या कडेने न्यायची असते. अशी मधून कोणी टाकली?"

"तुम्हीच. तेव्हाही डावा पाय ओढत होतात."

त्याने नवी वायर भिंतीच्या कडेने, खिळे मारून, इतकी नेटकी नेली की तशी मी त्या कंपनीच्या जाहिरातीतही पाहिली नाही. संध्याकाळपर्यंत आत्याचा अडून बसलेला सगळा माल रवाना झाला. हिरवी पट्टी टोकाला गेली आणि हिरवीच राहिली. त्यात आत्याने तो बाद केलेला प्रयत्नही घातला, ठकठकीपासून हेल्मेटापर्यंत. मालिकेत चोर पळतो असा एक प्रसंग होताच.

साहेबांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आत्याने तो मलाही ऐकू येईल असा लावला. साहेब फार खुशीत होते.

"आत्या, ऐकलं! कुत्रा या वेळी खरा आणून मुद्रित केलात ते बरं केलंत. खरा तो खराच. पण ते पळणारे पाय मात्र तुमचे! आणि ते हेल्मेट! मी लगेच ओळखलं, ही आमच्या आत्याची कारागिरी. तयार आवाजात हे मिळायचं नाही. फरक कळतो हो!"

मी तोंड उघडलं. आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"कळणारच," ती म्हणाली. "तुमचा कान तयार आहे."

पुढची मालिका आत्याला मिळाली. खोकी रिकामी झाली, बूट आपापल्या जागी गेले. तो भाग रेडिओवर लागला तेव्हा लाइनमन खास ऐकायला आला होता, आणि स्वतःचे पाय ऐकताना तो लाजून लाल झाला. शेवटी नावं घेतली. लेखक, दिग्दर्शक, चोर, हवालदार. आत्याचं नाव नव्हतंच. मला तिथल्या तिथे रेडिओ उचलून आपटावासा वाटला. आत्याने मात्र या वेळी नावं संपायची वाटच पाहिली नाही. ती चहा टाकायला केव्हाच आत गेली होती.

परत निघताना मी दार ओढून घेतलं आणि पाहिलं. कुत्र्यापासून सावध अशी पाटी दाराच्या मधोमध होती, पुसून लखलखीत केलेली. तिथे आधी पितळेची, आत्याच्या नावाची पाटी असायची.

"आत्या, ही पाटी काढ आता. काम झालं ना," मी म्हणाले. "आणि तुझ्या नावाची पाटी कुठे गेली?"

तेवढ्यात जिन्यातून कुरिअरवाला वर येत होता. त्याने पाटी वाचली आणि चार पायऱ्या खालीच थबकला. आत्या त्याच्याकडे पाहत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

"अगं," ती हळूच म्हणाली, "हीच आहे की माझ्या नावाची पाटी."